डोकं की टोपी

रोज संध्याकाळी पाचला ऑफिसातलं शिलाई मशीन थांबतं, किटलीखालचा स्टोव्ह बंद होतो आणि वहिनी खुर्ची पुढे ओढून वायरलेसचं बटण दाबतात.

"मुक्काम तीन, बोला. ओव्हर."

"मुक्काम तीन. नऊ जण, नऊच्या नऊ जेवतायत. एकाचं डोकं दुखत होतं, दोन तास बसवला, पाणी पाजलं, आता पत्ते खेळतोय आणि हरतोय. ओव्हर."

"आणि तुम्ही? ओव्हर."

"माझं काय वहिनी, टोपी जराशी..."

"डोकं की टोपी?"

"अहो, मी ओव्हर म्हणायच्या आत तुम्ही..."

"डोकं की टोपी?"

"डोकं. थोडंसंच. ओव्हर."

"मग डोकं म्हणायचं. उद्या वर जायचं नाही, तिथंच थांबायचं. सकाळी साडेसहाला परत विचारीन. ओव्हर."

नवे गाइड याची नक्कल करतात. बुटांच्या कपाटाआड उभं राहून एक जण वहिनींसारखा चष्मा वर सरकवतो आणि नाकात बोलतो, "डोकं की टोपीऽ?" बाकीचे हसतात. जुने हसत नाहीत. जुन्यांपैकी कुणी तिथं असलंच तर तो नव्याच्या पाठीत एक धपाटा घालतो. का, ते मात्र सांगत नाही.

या ऑफिसातून डोंगरातल्या सोळा दिवसांच्या पायी वाटेवर गट सुटतात. खोली एकच, पण लांबलचक. एका भिंतीला मापाप्रमाणे लावलेले भाड्याचे बूट, दुसरीला कपड्यांसारख्या टांगलेल्या झोपायच्या पिशव्या. मधे लोखंडी टेबल, त्यावर वायरलेस. वाटेवर सात मुक्काम, सातवा पाच हजार मीटरच्या खिंडीच्या पायथ्याशी. वहिनी या टेबलाशी एकोणीस वर्षं बसतात. सकाळी साडेसहा आणि संध्याकाळी पाच. कोण जेवलं, कोण ओकलं, कुणाची झोप उडाली, बोटाला चिमटा लावल्यावर कुणाच्या रक्तात किती प्राणवायू निघाला, सगळं वहीत. वर काय चाललंय ते खाली बसून फक्त कानांनी बघायचं, हे त्यांचं काम.

त्या सगळ्यांच्या वहिनी झाल्या त्या मास्तरांमुळे. मास्तर म्हणजे त्यांचे यजमान, सगळ्यात जुने गाइड. शाळेत कधी शिकवलं नाही, पण गटाला चालवताना दर दहा पावलांनी "सावकाश" म्हणायचे, म्हणून आधी सावकाशमास्तर आणि मग नुसते मास्तर. प्रत्येक गट निघायच्या आदल्या दिवशी याच खोलीत सगळ्यांना जमिनीवर बसवून ते भाषण द्यायचे. ते ऑफिसातल्या भिंतींनासुद्धा पाठ होतं.

"इथं कुणी पहिलं यायचं नाही. बक्षीस नाही. डोंगराला घाई केलेली माणसं आवडतात, पचायला हलकी पडतात. दिवसा चढायचं, झोपायला थोडं खाली यायचं. तहान नसली तरी पाणी. झोपेची गोळी घेतलीत तर मला सांगू नका, सरळ घरी जा. आणि डोकं दुखलं तर?"

कुणीतरी म्हणायचं, "गोळी घ्यायची."

"सांगायचं! आधी सांगायचं. लपवलंत तर तुम्हाला वाटेल की तुम्ही शूर आहात, आणि मेंदू तोवर भिजलेल्या पावासारखा फुगत असेल. मग ही रेघ." फरशीवर खडूनं रेघ मारून ते पावलाला पाऊल लावून चालून दाखवायचे. "हे जमेना झालं की गप्पा बंद. खाली. या दुखण्याला खाली उतरण्यासारखं औषध नाही."

हे झालं पाहुण्यांसाठी. गाइड लोकांचं शास्त्र वेगळं होतं, आणि तेही मास्तरांनीच काढलं होतं. एके वर्षी एका गाइडनं वायरलेसवर मोकळेपणानं सांगितलं, माझं डोकं दुखतंय. जेवणाच्या तंबूत सेट मोठ्यांदा चालू होता. गाइडचंच दुखतंय म्हटल्यावर पाच मिनिटांत चौघांची डोकी दुखायला लागली, एक बाई रडायला लागली, अख्खा गट माघारी. मालकांनी त्या गाइडला पुढचा हंगामभर भांडी घासायला ठेवलं. तेव्हा मास्तर म्हणाले, "आपण आपलं टोपी म्हणू. टोपी घट्ट झाली म्हणजे डोकं दुखतंय. निघता निघत नाही म्हणजे फारच. आणि सैल झाली म्हणजे उतरलं, सगळं ठीक." ऑफिसात वहिनींना कळायचं, तंबूत कुणाला कळायचं नाही. चौदा वर्षं ही टोपी बिनबोभाट चालली.

वहिनी स्वतः वर गेल्या त्या एकदाच. नवं लग्न, मास्तर म्हणाले, चल, खिंड दाखवतो. तिसऱ्या मुक्कामावर त्या दगडामागे जाऊन तीनदा ओकल्या, तोंड धुतलं आणि हसत परत आल्या.

"काय झालं?"

"कुठं काय. डोकं दुखतंय जरासं."

मास्तरांनी तिथल्या तिथं बायकोची पिशवी उचलून आपल्या पाठीवरच्या पिशवीवर बांधली.

"अहो, जरासं म्हटलं मी! उद्या बरं वाटेल."

"तू म्हणालीस ना? संपलं. पुढचं काम माझं."

"खिंड राहिली ना पण."

"ती कुठं पळून जातेय?"

उतरताना ते तिच्या एक पाऊल पुढे, तिचा हात आपल्या खांद्यावर ठेवून चालले. दोन तासांनी डोकं थांबलं. वहिनी पुढे कितीतरी वर्षं हे सगळ्यांना सांगत आल्या, जरा मिरवतच: मी एकदा म्हणाले आणि ह्यांनी ऐकलं. हल्ली सांगत नाहीत.

गेल्या हंगामात त्यांनी मास्तरांना टोपी विणली. करडी लोकर, कडेला तपकिरी पट्टी, एकशे दहा टाके. माप घेतलंच नाही, नजरेनं धरलं. बावीस वर्षं समोर असलेल्या डोक्याचं माप काय घ्यायचं? मास्तरांनी ऑफिसातच ती डोक्यावर चढवली आणि सगळे तुटून पडले.

"मास्तर, वहिनींनी अखेर तुम्हाला टोपी घातली!"

"अखेर कसली?" मास्तर म्हणाले. "लग्नातच घातली होती. आज नुसती दिसायला लागली."

कोपऱ्यात मशीनवर तंबूचं कापड शिवणाऱ्या वन्संनी दोरा दातानं तोडला. वन्सं म्हणजे मास्तरांची थोरली बहीण, बूट-तंबूंची डागडुजी करते. वहिनी वन्सं म्हणतात म्हणून ऑफिसातले सगळेच वन्सं म्हणतात, मालकसुद्धा. "छान दिसतेय," त्या म्हणाल्या. "किटलीवर घालतात ना, तशी." आठवडाभर ऑफिसात टोपीशिवाय दुसरा विषय नव्हता.

आठव्या दिवशी पाचव्या मुक्कामावरच्या गाइडचा घोटा मोडला. अकरा पाहुणे तिथं अडकले. वर जायला मोकळे एकटे मास्तर होते, आणि खोकल्यामुळे तेही दोन महिने खालीच होते. मालक म्हणाले, "मास्तर, परवापर्यंत पोचाल?" ती वाट सहा दिवसांची. मास्तरांनी ती दोन दिवसांत केली, अर्धी जीपनं, अर्धी खेचरावर. जन्मभर जगाला सावकाश म्हणणारा माणूस धावत वर गेला. निघताना वहिनी म्हणाल्या, "रेघ मारून बघा हं रोज." मास्तर म्हणाले, "रेघ मला घाबरते."

मास्तर वर पोचले त्या दिवशी संध्याकाळी पाचला ऑफिसात वहिनी, वन्सं आणि सकाळीच गट घेऊन उतरलेले दोन गाइड होते.

"मुक्काम पाच. अकराही ठीक. दोघांना मळमळ होती, सूप पाजलं. ओव्हर."

"आणि तुम्ही? ओव्हर."

"मी ना... टोपी जरा घट्ट होतेय गं. ओव्हर."

गाइड हसले. वन्संही हसल्या. "घे, आली तक्रार," त्या म्हणाल्या. आणि वहिनींना, चौदा वर्षं हेच शब्द ऐकून वही लिहिणाऱ्या वहिनींना, राग आला. रात्री जागून विणली, आणि चारचौघांत ऐकवतायत.

"एकशे दहा टाके मोजून घातलेत मी. टोपी बरोबर आहे. कौतुकानं डोकंच फुगलं असेल तुमचं! ओव्हर."

ऑफिसात हशा.

"असेल," मास्तर म्हणाले. "असेल बाई. ओव्हर."

सकाळी साडेसहाला मुक्काम पाचवरून मास्तर बोललेच नाहीत. गटातली एक शिक्षिका बोलली. बटण कधी सोडायचं ते तिला माहीत नव्हतं, त्यामुळे तिचा श्वासही ऐकू येत होता.

"हॅलो? ऐकू येतंय का? ते तुमचे मास्तर... ते बुटाची नाडी बांधतायत."

"बांधू द्या की. त्यांना बोलवा. ओव्हर."

"नाही, तसं नाही. तासभर झाला. एकच नाडी. बांधतायत आणि सोडतायत. मी विचारलं तर म्हणाले, गट निघाला का? आम्ही सगळे त्यांच्यासमोर उभे होतो हो."

वहिनींनी डोळे मिटले. पुढची वाक्यं त्यांच्या तोंडून अशी आली, जणू कागदावरून वाचतायत. "त्यांना उभं करा. पावलाला पाऊल लावून चालायला सांगा. मी थांबते."

"पडले," शिक्षिका म्हणाली. "दुसऱ्याच पावलाला."

"लाल डब्यात सुजेवरचं इंजेक्शन आहे. स्वयंपाक्याला टोचता येतं. आणि खाली. आत्ता. सामान, तंबू तिथंच सोडा, त्यांना खेचरावर बांधा आणि खाली. ओव्हर."

पण खाली यायलाही वाट दिसावी लागते, आणि त्या दिवशी वाटेवर बर्फाची भुरभुर आणि धुकं होतं. मास्तर नऊ दिवस बेशुद्ध होते. त्यांच्या कोटाच्या खिशात ती टोपी सापडली, पिळून काढावी इतकी ओली.

याला अकरा महिने झाले. मास्तर घरी असतात. जेवतात, हसतात, माणसं ओळखतात, निदान चेहऱ्यानं. सकाळी दात घासले की विचारतात, "गट कधी निघायचा?" वहिनी म्हणतात, "अजून वेळ आहे." मग स्वयंपाकघरातल्या दोन फरश्यांमधल्या रेघेवर त्यांना चालवतात, पावलाला पाऊल लावून. तिसऱ्या फरशीपर्यंत जमतं. चौथ्या फरशीला पाऊल बाहेर पडतं आणि मास्तर त्या पावलाकडे असे बघतात, की हे कुणाचं?

"वाढेल का हो पुढे?" वहिनींनी डॉक्टरांना गेल्या महिन्यात विचारलं.

डॉक्टर भले आहेत, म्हणून त्यांनी खोटं सांगितलं नाही. "जेवढं परत यायचं होतं तेवढं आलं."

"म्हणजे तीन फरश्या."

"काय?"

"काही नाही."

टोपी वायरलेसच्या मागे बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात आहे. वाळवून ठेवलेली. वहिनींनी ती पुन्हा मास्तरांच्या डोक्यावर घातलेली नाही. घट्ट बसली, तर मास्तर त्या संध्याकाळी टोपीबद्दलच बोलत होते, आणि बाकीचं नशीब. सैल बसली, तर ते डोक्याबद्दल बोलत होते, बायकोला सांगत होते, आणि बायकोनं सगळ्यांदेखत त्यांची चेष्टा केली. मास्तरांना विचारून उपयोग नव्हता. विचारलं होतं. "कुठली टोपी?" ते म्हणाले होते.

"घाल एकदा आणि सूट," वन्सं म्हणायच्या.

"आणि नाही सुटले तर?"

"तर बसून रड. डबा धरून किती दिवस बसणार आहेस?"

"तुम्हीही हसला होतात, वन्सं."

"हसले. तेव्हापासून रोज शिवताना सुई बोटात जाते माझ्या. पण तू मशीनवर राग काढ, माझ्यावर नको."

डबा तिथंच राहिला असता. पण काल पाचच्या वेळी सहाव्या मुक्कामावरून नवी गाइड बोलली. बाई बडबडी आहे, तिच्यानं शब्द कमी होत नाहीत.

"सात जण ठीक, वहिनी. ओव्हर."

"तुमचं? डोकं की टोपी? ओव्हर."

"टोपी! खरंच टोपी, शपथेवर. काल पावसात भिजली, शेगडीवर वाळवली तर आटून एवढीशी झाली. बाहुलीला बसेल. कपाळावर वळ उठलाय माझ्या. ओव्हर."

"चालून दाखवा. कुणाला तरी बघायला सांगा. ओव्हर."

चालून झालं. सरळ. दुसऱ्या बाईनं ग्वाही दिली. तरी वहिनींनी तिला रात्रीपुरतं दोनशे मीटर खाली उतरायला लावलं, आणि तिनं कुरकुर केली, आणि उतरली. वहिनींनी वहीत लिहिलं. मग पेन तसंच उघडं ठेवून बसून राहिल्या.

"वन्सं, लोकर भिजली की आटते."

"आटते की. त्यात काय नवीन?"

"ते खेचरावरून गेले तेव्हा वर पाऊस होता. आदल्या दिवशी. वहीत आहे."

वन्संनी मशीनवरचा हात काढला. मग म्हणाल्या, "घे डबा. चल घरी."

घर ऑफिसच्या मागच्या गल्लीत, बारा पायऱ्या वर. मास्तर स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून खिडकीबाहेर बघत होते. खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसते, बाकी काही नाही. वन्संनी उगाच बटाटे चिरायला घेतले. वहिनींनी डबा उघडला. टोपी हातात घेतल्यावर त्यांना ती लहान वाटली. आटली होती. नक्कीच आटली होती.

"जरा इकडे बघा."

मास्तरांनी शहाण्यासारखं डोकं पुढे केलं.

टोपी सहज गेली. कपाळावरून उतरली, भुवयांवर आली आणि थांबली. वहिनींनी पट्टीखाली एक बोट घातलं. मग दोन. मग चारही बोटं गेली आणि तरी लोकर ताणली नाही.

"केस कापलेत त्याचे," वन्सं पाठमोऱ्याच म्हणाल्या. "तेव्हा रान होतं डोक्यावर. म्हणून."

"तेव्हाही एवढेच होते. मीच कापते."

"मग वाळलाय. केवढा वाळलाय बघ."

"डोकं वाळत नाही, वन्सं."

चिरायचा आवाज थांबला.

मास्तरांना मात्र आनंद झाला होता. टोपी डोक्यावर म्हणजे निघायचं. "गट निघाला?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता टेबलाला धरून उठले, फरश्यांच्या रेघेवर जाऊन उभे राहिले. टोपी डोळ्यांवर येत होती, ती त्यांनी मागे सारली. पावलाला पाऊल. एक. दोन. तीन. चौथ्याला पाऊल बाहेर गेलं आणि त्यांनी भिंतीचा आधार घेतला. त्या पावलाकडे नेहमीसारखं बघितलं नाही. उजव्या हाताची मूठ तोंडाजवळ नेली, अंगठा दाबला.

"टोपी सैल आहे गं," मास्तर म्हणाले. "सगळे ठीक. ओव्हर."

अंगठा उचलला आणि मान थोडी तिरकी करून थांबले. खालून उत्तर यायला जेवढा वेळ लागतो तेवढा.

वन्सं बटाट्याच्या ताटावर हात ठेवून उभ्या होत्या. वहिनींनी आपली मूठ तोंडाजवळ नेली. अंगठा दाबला.

"खाली या," त्या म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता खाली या. गट तिथंच राहू दे. तुम्ही या. ओव्हर."

मास्तरांनी विचार केला. टोपी पुन्हा भुवयांवर उतरली होती.

"बरं," ते म्हणाले, आणि भिंतीला धरून होते तिथंच उभे राहिले.